आंबेटोल्याच्या फाट्यावरच्या बारा सायकली

बस चालवणाऱ्या माणसाला सायकल आवडत नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

तीसेक वर्षं मी सरकारी बस चालवली. त्यातली शेवटची काही वर्षं वडशाहून चंद्रपूरला जाणाऱ्या सकाळच्या गाडीवर होतो. या गाडीत कोर्टाच्या तारखेला निघालेले लोक असायचे, दवाखान्याच्या फायली छातीशी धरलेले असायचे, आणि हिवाळ्यात रात्रभर नाटक करून आलेले झाडीपट्टीचे कलावंत कानामागचा रंगही न पुसता झोपलेले असायचे. प्रत्येकाला वेळेवर पोचायचं असतं, आणि गाडी उशिरा पोचली की सगळे डायवरच्या पाठीकडे बघतात. ते बघणं पाठीला कळतं.

आता सायकलचं सांगतो. जंगलातला आमचा रस्ता एकेरी. मधे डांबर, दोन्ही बाजूंना मुरमाची सायडपट्टी. पावसाळ्यात पट्टी खचते आणि डांबराच्या कडेला वीतभर पायरी पडते. समोर सायकलवाला आला की दोघांपैकी एकाला डांबर सोडावं लागतं. भरलेली बस मुरमात उतरवली तर एका अंगाला कलते, आत सत्तर माणसं भरलेली. त्यामुळे डायवर उतरत नाही. तो हॉर्न वाजवतो आणि सायकलवाल्यानं उतरावं अशी अपेक्षा करतो. शिवाय ब्रेक मारायचा त्याला कंटाळा असतो, कारण थांबलेली गाडी पुन्हा वेगात आणायला बराच वेळ जातो. हॉर्नला काहीच लागत नाही. गुरांसाठी आखूड हॉर्न, वळणावर लांब हॉर्न, आणि तिसरा असतो तो रागाचा. तो कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत, पण सगळ्यांना येतो.

आंबेटोल्याचा फाटा ते सावरगट्टा हा आठ किलोमीटरचा तुकडा दाट जंगलाचा. फाट्यापासून आत किलोमीटरभरावर टोला, म्हणजे लहानशी वस्ती. आमची गाडी जलद, त्यामुळे फाट्यावर थांबा नव्हता. सव्वानऊच्या सुमाराला मी तिथून निघून जायचो आणि पुढे रोज तोच ताप. सावरगट्ट्याच्या शाळेत जाणाऱ्या अकरा पोट्ट्या आणि त्यांच्यासोबत एक बाई, अशा बारा सायकली. एकामागे एक नाही, तीन-तीनच्या रांगेत, सगळा रस्ता व्यापून. हॉर्न वाजवला तरी पटकन फुटायच्या नाहीत. मला वाटायचं, मुद्दाम करून राह्यल्या.

एका सकाळी आम्हाला वडशालाच उशीर झाला होता. गाडी गच्च. एक गृहस्थ फाट्याच्या आधीपासून माझ्या कानाशी घड्याळ धरून उभे. समोर त्या बारा सायकली. मी हॉर्न दिला, हलल्या नाहीत. मग तो तिसरा हॉर्न दिला आणि दाबूनच धरला, आणि गाडी तशीच पुढे नेली. रांग फुटली. पोट्ट्या डाव्या बाजूला मुरमात उतरल्या. त्यांच्यातली सगळ्यात लहान, पाचवीतली, त्या वीतभर पायरीवरून सायकलसकट आडवी झाली.

एरवी मी तसाच निघून गेलो असतो. पण आमच्या कंडक्टर मडावीबाईंनी मागच्या खिडकीतून पाहिलं आणि घंटीची दोरी अशी ओढली की तुटायची बाकी राहिली. गाडी थांबली. तेवढ्यात ती बाई सायकल दामटत आली आणि सायकल बसच्या तोंडासमोर आडवी लावून उभी राहिली.

चाळिशीची असेल. नऊवारी नाही, साधी साडी खोचलेली, कॅरियरला पिशवी बांधलेली. नंतर कळलं, ती कुंदाबाई. शाळेत खिचडी शिजवायची आणि येता-जाता टोल्यातल्या पोरींना सोबत करायची.

मी खिडकीतून ओरडलो, "ओ बाई, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

"नाई ना भाऊ," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "माह्या बापाचा अस्ता तं तुमाले पाय ठेवू देल्ला नसता. सरकारचा हाये, म्हणून तुमी बी चालता अन् आमी बी."

"मग एका लाइनीत चालायला काय होते?"

"खाली उतरा, सांगतो."

मी उतरलो नाही. गाडीतले अर्धे लोक माझ्या बाजूनं बोलायला लागले, अर्धे तिच्या. मडावीबाई खाली उतरून त्या लहान पोरीचा गुडघा आपल्या बाटलीतल्या पाण्यानं धूत होत्या. पोरीचं नाव पायल. ती रडत नव्हती, सायकलचं पुढचं चाक पायात धरून वाकडं झालेलं हॅन्डल सरळ करत होती.

"तक्रारीची वही द्या," कुंदाबाई मडावीबाईंना म्हणाली.

प्रवाशानं मागितली तर वही द्यावी लागते. ही प्रवासी नव्हती. नाही म्हणता आलं असतं. मडावीबाईंनी वही दिली, पेनही दिला, आणि वर गाडीचा नंबर स्वतः लिहून दिला.

"बाई, तुम्ही माझ्या गाडीच्या कंडक्टर आहात ना?" गाडी सुरू झाल्यावर मी विचारलं.

"हव," त्या म्हणाल्या. "अन् माही पोरगी बी सायकलनंच शाळेत जाते."

आठवड्यात डेपोच्या साहेबांनी बोलावलं. मला वाटलं मेमो मिळणार. साहेबांनी वही पुढे केली. कुंदाबाईंचं अक्षर मोठं आणि गोल, पहिलीच्या पुस्तकासारखं. लिहिलं होतं: डायवरभाऊची आमची दुश्मनी नाही. त्यांनी एक दिवस आमच्यासंग सायकलनं यावं. मंग सांगावं रस्त्यानं कसं चालावं ते.

साहेब हसले. "शेंडे, मेमो देऊ की सायकल देऊ?"

मी म्हटलं, मेमो द्या. पण ते ऐकेनात. माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, शाळा चालू असताना, मी मोटारसायकलनं आंबेटोल्याला गेलो. मनात राग होताच. कुंदाबाईंच्या नवऱ्यानं चहा दिला, धानाच्या चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या, गप्पा केल्या आणि एकदाही तक्रारीचा विषय काढला नाही. मग कुंदाबाईंनी एक सायकल पुढे आणली. तापानं पडलेल्या एका पोरीची होती. लेडीज सायकल, बुटकी. पायडल मारला की माझा गुडघा हॅन्डलला लागायचा. मी बसलो आणि सायकल आधी उजवीकडे गेली, मग डावीकडे, मग गोठ्याकडे. पोट्ट्या तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. ज्या हातांनी मी घाटात बस वळवली, त्याच हातांना ती सायकल ऐकेना.

फाट्यावर येऊन डांबरी रस्त्याला लागलो. दहावीतल्या दोघी पुढे, मधे लहान, कडेला मोठ्या, शेवटी कुंदाबाई. मला त्यांनी लहान पोरींमध्ये घातलं, पायलच्या बाजूला.

"आता सांगा," मी धापा टाकत म्हटलं. "एका लाइनीत काऊन नाई चालत?"

"मांगच्या साली पुढच्या नाल्यापाशी बकऱ्यावाल्याले वाघानं नेलं," कुंदाबाई मागून म्हणाल्या. "एकटा होता. एका लाइनीत चाललो का शेवटची पोट्टी एकटी होते. मांगं कोण पाह्यते तिले? झुंड दिसली का जनावर वाट सोडते. पण तुमचा हॉर्न वाजला का आमची झुंड फुटते. तेवढ्यात एखादी मांगं राह्यली तं?"

इतकी वर्षं मी त्या रस्त्यावरून गेलो होतो. वाघाचं मलाही माहीत होतं. पण काचेच्या आत बसलेल्या माणसाला ते बातमीसारखं माहीत असतं.

नाला जवळ आला तसा पुढच्या दोघींनी एकदम मोठ्यानं सुरू केलं, "सत्तावीस एके सत्तावीस!" मागून सगळ्यांनी, "सत्तावीस दुणे चोपन!" सगळं रान पाढ्यांनी भरलं. कुंदाबाई घंटी वाजवत ताल धरत होत्या. आवाज केला की जनावराला आधीच कळतं, ते बाजूला होतं. गाणी म्हणून पाहिली होती, पण गाण्यात कडवं विसरलं की शांतता पडायची. पाढ्यात तसं होत नाही.

"आमच्या पोट्ट्या गणितात पुऱ्या तालुक्यात हुशार हायेत," कुंदाबाई म्हणाल्या. "वाघाची मेहेरबानी."

मीही म्हणायला लागलो. सत्तावीस सक्कंवर अडकलो. पायलनं मला सांभाळून घेतलं.

आणि तेवढ्यात मागून हॉर्न आला.

आमच्याच डेपोची गाडी. माझ्या सुट्टीच्या दिवशी दुसरा डायवर होता. हॉर्न त्यानं रागानं दिला नव्हता, साधाच दिला होता. पण सायकलवर बसून बसचा हॉर्न ऐकणं काय असतं ते मला तेव्हा समजलं. तो कानात येत नाही, तो पाठीतून आत शिरतो. मागे बघावं तर हॅन्डल डगमगतं, न बघावं तर वाटतं आता अंगावर आली. पोट्ट्या सवयीनं सफाईनं खाली उतरल्या. मी उतरलो तो थेट बेशरमाच्या झुडपात. डांबरावरून गाडी गेली आणि तिच्या वाऱ्यानं मला, उठत होतो तिथून, पुन्हा आत ओढल्यासारखं केलं. डायवरनं आरशातसुद्धा पाहिलं नसेल. पाहिलं असतं तरी मी त्याला दिसलो नसतो. त्या आरशात मागच्या चाकापलीकडचं खाली पडलेलं काही दिसत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

झुडपात बसल्या बसल्या माझ्या मनात जे आलं ते इथे लिहितो, कारण ते लिहिण्यासाठीच हा लेख कबूल केला. तीस वर्षांत माझ्या हॉर्ननं किती माणसं अशी मुरमात उतरली असतील? किती पडली असतील? मी अपघात न केल्याचा बिल्ला छातीवर लावून फिरत होतो. पडलेल्यांची मोजणी करायला कोणी नव्हतं, एवढाच त्या बिल्ल्याचा अर्थ.

"भाऊ," पायल वाकून म्हणाली, "तुमचा बी गुडघा फुटला."

फुटला होता खरा. सगळ्याजणी इतक्या हसल्या की नाल्यापलीकडची माकडं झाडं बदलून गेली. मलाही हसू आवरेना. कुंदाबाईंनी हात देऊन उठवलं आणि पॅन्टवरचा मुरूम मोठ्या बहिणीसारखा झटकला.

त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर खिचडी खाता खाता आमचा करार झाला. मी लांबूनच, किलोमीटरच्या दगडापाशी, एकच आखूड हॉर्न द्यायचा. तो ऐकला की त्यांनी पुढच्या मोरीपर्यंत जायचं, कारण मोरीपाशी रस्ता रुंद आहे, आणि तिथे सगळ्यांनी मिळून बाजूला थांबायचं. झुंड न मोडता. तोवर मी त्यांच्या मागे हळू चालायचं. मी घड्याळ लावून पाहिलं. या सगळ्यात माझी दोन मिनिटंसुद्धा जात नव्हती. ती दोन मिनिटं मी चंद्रपूरच्या आधी कुठेही भरून काढू शकत होतो. डेपोच्या कॅन्टीनमध्ये मला "सायकल डायवर" नाव पडलं. चिडवता चिडवता चार-पाच जणांनी तोच हॉर्न सुरू केला. दोघांनी शेवटपर्यंत केला नाही. ते माझे मित्रच आहेत, पण त्यांना मी अजून सांगत असतो.

मग थंडी पडली. एका सकाळी रानात धुकं होतं. मी दगडापाशी हॉर्न देणार तोच पुढे सायकली दिसल्या, आणि त्या चालत नव्हत्या. बाराही जणी रस्त्याच्या डाव्या कडेला एकमेकींना चिकटून उभ्या, सायकली पुढे आडव्या धरलेल्या. पाढे बंद होते. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला.

त्यांच्यापासून तीसेक पावलांवर, उजव्या सायडपट्टीच्या पलीकडे वाघ बसला होता. उभा नाही, बसलेला. अंगणातलं कुत्रं बसतं तसा.

माझा हात हॉर्नवर होता. तो मी उचलला. हॉर्ननं तो दचकून कुठे पळेल याचा भरवसा नव्हता. पहिल्या गियरमध्ये गाडी फारसा आवाज न करता सरकवली. डांबर आडव्या सायकलींनी अडलेलं, त्यामुळे पोट्ट्या आणि वाघ यांच्या मधे गाडी घालायची तर एकच जागा होती, उजवी सायडपट्टी. मुरमाची. जिथे मी आयुष्यात कधी भरली गाडी उतरवली नव्हती. उतरवली. गाडी उजव्या अंगाला कलली. मागे कोणीतरी "बाप्पा!" म्हणालं.

बसचं दार डावीकडे असतं आणि डायवर उजवीकडे. म्हणजे पोट्ट्यांसमोर दार आलं आणि वाघासमोर मी. मधे एक खिडकी, तिची काच वर्षभरापासून अर्धीच चढत होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. फेरी कुठली, कुठे चालली, असं विचारल्यासारखं पाहिलं. मी स्टिअरिंग धरून बसलो.

डावीकडून मडावीबाईंचा दबका आवाज येत होता, "ये, ये, हात दे. पुढं सरक. ये." एकेक पोरगी आत येत होती. मग कुजबुज वाढली.

"पायल, सायकल सोड."

"नाई सोडत."

"अवं सोड ना!"

"बाई, नवी हाये!"

शेवटी कुंदाबाईंनी पायलला सायकलीपासून सोडवून उचललं आणि पोत्यासारखं मडावीबाईंच्या हातात दिलं. सगळ्यात शेवटी त्या स्वतः चढल्या आणि दार लागलं. माझ्या मागे बसलेला नाटकातला खलनायक, जो आदल्या रात्री स्टेजवर तीन खून पाडून आला होता, तो सीटखाली पाय पोटाशी घेऊन बसला होता.

वाघ उठला. अंग ताणलं. बसच्या पुढून, अगदी रेडिएटरसमोरून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. पडलेल्या सायकलींपाशी थांबला, एका कॅरियरवरच्या पिशवीचा वास घेतला, पिशवीत हळद-मिरची होती म्हणून असेल, जोरात शिंकला आणि बांबूत शिरला.

आधी कोणी हसलं नाही. मग पायल म्हणाली, "वाघाले सर्दी झाली," आणि सगळी गाडी फुटली. हसत होते, रडत होते, पोट्ट्यांच्या गालांवर हात फिरवत होते. ते घड्याळवाले गृहस्थ त्या दिवशीही गाडीत होते. बराच वेळ थांबून, खात्री करून, खाली उतरून सायकली टपावर चढवणाऱ्यांत तेच पहिले. खलनायकानं दोन-दोन सायकली एकदम उचलल्या आणि मोठ्यानं सत्तावीसचा पाढा म्हटला, म्हणजे त्याला येत होता तेवढा.

सावरगट्ट्याला शाळेपुढे बस उभी केली तेव्हा चूल पेटायला उशीर झाला होता. प्रवाशांनी पाणी भरलं, तांदूळ निवडले, दोघा म्हाताऱ्यांनी चुलीला फुंकलं. गाडी पाऊण तास उशिरा निघाली आणि त्या दिवशी माझ्या पाठीकडे कोणीही पाहिलं नाही.

उशिराचा खुलासा मी लिहिला. साहेबांनी तो दोनदा वाचला, मग कपाटातून एक जुनी फाइल काढली. आंबेटोल्याच्या फाट्यावर थांबा द्यावा म्हणून कुंदाबाईंनी केलेले अर्ज त्यात होते. एक नाही, सहा. तेच मोठं गोल अक्षर. साहेबांनी माझा खुलासा वर लावला आणि फाइल स्वतः वरच्या ऑफिसात घेऊन गेले. महिन्याभरात थांबा मंजूर झाला, सकाळचाही आणि संध्याकाळच्या परतीचाही.

तो हिवाळा माझ्या नोकरीतला सगळ्यात गोंगाटाचा. फाट्यावर अकरा पोट्ट्या चढायच्या, कुंदाबाई पुढच्या सीटवर बसायच्या, आणि जंगलभर गप्पा, भांडणं, पाढे. कोर्टात चाललेल्या लोकांची तोंडं सैल व्हायची. मी आरशात बघून मनात म्हणायचो, ही माझी गाडी.

पुढे वनखात्याच्या माणसांनी सांगितलं की वाघ नदीपलीकडच्या जंगलात सरकला. पळस फुलला. आणि एका सकाळी मी फाट्यावर गाडी थांबवली तर थांब्यावर फक्त एक म्हातारी आणि तिचं गाठोडं. पुढे वळणावर बारा सायकली, तीन-तीनच्या रांगेत.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. एवढं करून आणलेला थांबा. त्यांना गाठलं, मोरीपाशी गाडी हळू केली आणि खिडकीतून म्हटलं, "काऊन कुंदाबाई, आमची गाडी आवडली नाई का?"

"आवडली ना भाऊ," त्या एक पाय मोरीच्या कठड्यावर टेकवून म्हणाल्या. घाम आला होता, चेहरा फुललेला होता. "पावसात येऊ, थंडीत येऊ. पण पोट्ट्या म्हणतात, तुमच्या गाडीत इंजिनच लय बोलते, आमाले बोलू देत नाई."

"मग एवढा थांबा कशाले मागितला?"

त्या हसल्या. मागे पायल घंटी वाजवून घाई करत होती.

"तुमी मांगून येऊन राह्यले, हे माहीत असलं का सायकल हलकी चालते, भाऊ," त्या म्हणाल्या आणि पायडलवर पाय ठेवला.

मडावीबाईंनी डबल बेल दिली. मी गियर टाकला, पण पुढे काढली नाही. सावरगट्ट्यापर्यंत त्यांच्या मागे मागेच राहिलो.